पुडीशिवायचा सांबा हंगाम



आधी माझ्या मराठीबद्दल सांगतो, म्हणजे मधे कुठे तमिळ वळण आलं तर तुम्ही दचकणार नाही. मी कुंभकोणमचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी घरं कावेरीकाठी आली आणि परत गेलीच नाहीत, त्यांतलं आमचं एक. इथले लोक आम्हाला 'रायर' म्हणतात. घरात मराठी, दुकानात तमिळ, आणि खताच्या कंपनीशी पत्रव्यवहार इंग्रजीत, असा आमचा कारभार. माझं खत-औषधांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आणि आडुतुरैजवळ चार एकर भातशेती आहे. आडुतुरै म्हणजे कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या रस्त्याला लागलं की तिरुविडैमरुदूरच्या पुढचं गाव. तिरुविडैमरुदूर तुमच्यापैकी इतिहासवाल्यांना माहीत असेल. तंजावरची गादी सरफोजीराजांकडे गेल्यावर अमरसिंह तिथे जाऊन राहिले. आमची मंडळी त्याला मध्यार्जुन म्हणतात.

पण आज इतिहास नाही. आज मला एका पुडीबद्दल बोलायचं आहे.

पुडी १२० ग्रॅमची. आत पांढरट भुकटी. नाव ट्रायसायक्लॅझोल, पंच्याहत्तर टक्के. एका एकराला एक पुडी, दोनशे लिटर पाण्यात. तुमच्याकडे कोकणात, इगतपुरीला, भंडारा-गोंदियात ज्यांच्या घरी भात आहे त्यांना हे नाव पाठ असणार, कारण करप्यावर सगळीकडे हेच सांगितलं जातं. आमच्याकडे करप्याला 'कुलै नोय' म्हणतात. पानावर आला तर दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी आणि कडेला तपकिरी असे ठिपके पडतात. तोच लोंबीच्या मानेवर आला की मान काळी पडते, लोंबी वाकते आणि दाणा भरत नाही. विदर्भात त्याला मानमोडी म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे. पानावरच्या करप्यातून पीक सावरतं, मानेवरच्या करप्यातून सावरत नाही. आज हिरवंगार दिसणारं खाचर दहा दिवसांत पांढरं पडतं, आणि कापायला गेलात की हाताला पळिंज लागतं.

आमच्या भागाला या रोगाची जुनी ओळख आहे. हिंदुस्थानात करप्याची पहिली मोठी साथ नोंदली गेली ती १९१९ साली, आणि ती या तंजावरच्या त्रिभुज प्रदेशातच. आडुतुरैचं भात संशोधन केंद्र १९२२ चं, म्हणजे शंभरी उलटलेलं. आता त्याला तमिळनाडू भात संशोधन संस्था म्हणतात. तिथल्या वाणांची नावं 'एडीटी' या अक्षरांनी सुरू होतात. एडीटी ३६, ३९, ४३, ४५ हे आकडे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतात. इथला एडीटी १० हा वाण कोरंगु सांबा नावाच्या गावठी भातातून आलेला. त्याचा कोइमतूरच्या सीओ ४ शी संकर केला आणि त्यातून सीओ २५, सीओ २६ हे करपा सोसणारे वाण निघाले. म्हणजे औषधाची पुडी यायच्या कितीतरी आधी इथल्या माणसांनी करप्याला उत्तर शोधलं होतं, आणि ते बियाण्यात शोधलं होतं. हे मी आज सहज सांगतोय. पण दुकान चालवत असताना पंचवीस वर्षं मला याची आठवणसुद्धा आली नव्हती.

आता पुडी काम कसं करते ते थोडं सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यातून कळेल.

करप्याच्या बुरशीचा बीजाणू ओल्या पानावर पडला की त्याला अंकुर फुटतो, आणि अंकुराच्या टोकाला एक छोटी गोल पिशवी तयार होते. त्या पिशवीच्या भिंतीला बुरशी काळं रंगद्रव्य लावते. मेलॅनिन, आपल्या केसांत असतं त्याच जातीचं. त्या काळ्या अस्तरामुळे पिशवीच्या आतला दाब बाहेर निसटत नाही. तो वाढत वाढत हवेच्या ऐंशी पट होतो. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन पट असतो, त्यावरून अंदाज करा. त्या दाबाने बुरशी पानाची कातडी खिळा ठोकावा तशी फोडते. ट्रायसायक्लॅझोल बुरशीला मारत नाही. ते फक्त मेलॅनिन होऊ देत नाही. अस्तर नाही म्हणून दाब धरत नाही, आणि दाब नाही म्हणून पान फुटत नाही.

याचे दोन अर्थ निघतात. एक, औषध बीजाणूच्या आधी पानावर पोचलेलं पाहिजे. आत शिरलेल्या बुरशीवर त्याचा फारसा उपयोग नाही. शेतकरी मात्र ठिपके दिसल्यावर दुकानात येतो. मी त्याला पुडी द्यायचो, तो मारायचा, आणि थंडी ओसरून रोग आपोआप थांबला की श्रेय पुडीला जायचं. दुसरं म्हणजे, इतकी वर्षं वापरूनही या औषधाला बुरशी फारशी सरावली नाही. हा त्याचा खरा गुण. म्हणून ते इतकं पसरलं, आणि म्हणून ते गेल्यावर इतकं जाणवतं.

'गेल्यावर' म्हटलं खरं, पण ते गेलं कसं हे नीट सांगायला हवं. आपल्याकडे ते दुकानातून गेलेलं नाही. युरोपीय संघाने २०१७ साली तांदळातली त्याची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅमवरून ०.०१ वर आणली. शंभरपट खाली. बासमतीला थोडे महिने सवलत होती, २०१८ उजाडलं तशी तीही संपली. कारण त्यांनी असं दिलं की हे औषध पूर्ण सुरक्षित आहे असं म्हणायला पुरेशी माहिती त्यांच्यापुढे नाही, आणि माहिती नसली की त्यांच्याकडे हाच तळाचा आकडा लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या केंद्र सरकारने ट्रायसायक्लॅझोल आणि बुप्रोफेझिन बंद करण्याचा मसुदा काढला. मे २०२० मध्ये आणखी सत्तावीस औषधांचा मसुदा आला, त्यात कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब, कॅप्टन, थायरम अशी रोजची बुरशीनाशकं होती. त्या सत्तावीसपैकी २०२३ च्या ऑक्टोबरात प्रत्यक्षात पूर्ण बंद झाली ती तीनच. त्यांतलं डिनोकॅप नाशिकच्या द्राक्षवाल्यांना भुरीवर चांगलं माहीत होतं. पंजाबने २०२२ पासून बासमतीच्या हंगामात साठ-साठ दिवस दहा औषधांची विक्री थांबवली, त्यात ट्रायसायक्लॅझोल होतं. आमच्या तमिळनाडूत ती पुडी पुढच्या हंगामांतही मिळत राहिली.

थोडक्यात, दुकानात औषध आहे पण गिऱ्हाईकाला ते नको आहे. सरकारने एका रात्रीत बंद केलेल्या औषधापेक्षा हे जास्त अवघड. बंद औषध कोणालाच मिळत नाही. इथे मोहाची पुडी हाताच्या अंतरावर असते. आणि आमच्या बाबतीत तर ती माझ्याच फळीवर होती.

आता घडलेलं सांगतो.

२०१७ च्या सांबा हंगामात आम्ही सात जणांनी मिळून नऊ एकरांत गावठी लाल तांदूळ केला. मापिळ्ळै सांबा, म्हणजे 'जावयाचा भात'. आमच्याकडे सांबा म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात पेरायचा आणि जानेवारी-फेब्रुवारीत कापायचा लांब हंगाम. त्याआधीचा आखूड तो कुरुवै. एक व्यापारी युरोपातल्या दुकानांसाठी असा तांदूळ घेत होता. बाजारभावापेक्षा किलोला अठरा रुपये जास्त द्यायला तयार होता. अट एकच, रासायनिक औषध मारायचं नाही. सगळ्यांनी मान डोलावली.

डिसेंबरात लोंब्या बाहेर पडायच्या वेळी आठवडाभर दव पडलं. आमच्याकडे करप्याची हीच वेळ. ईशान्य मोसमीचा पाऊस सरत आलेला असतो, दिवसा ढग, रात्री गारवा, सकाळी नऊपर्यंत पानं ओली. आमच्यातले सर्वांत वडील शेतकरी, त्यांना आम्ही अय्या म्हणतो, संध्याकाळी दुकानात आले. म्हणाले, "तंबी, दोन पुड्या दे. घरच्या खाण्याच्या भातावर मारायच्या आहेत." त्यांनी घरी खायला वेगळी पट्टी लावली होती हे खरं. पण ती पट्टी अर्ध्या एकराची होती आणि पुड्या दोन एकरांच्या होत्या. हे मला त्या क्षणी कळलं. मी पुड्या दिल्या. पैसे घेतले. वहीत लिहिलं.

मार्चमध्ये तपासणीचा कागद आला. सगळ्यांचं साडेतेरा टन भात एकत्र भरडलं होतं, नमुना एकच काढला होता. ट्रायसायक्लॅझोल ०.०६. वर्षापूर्वी हाच तांदूळ बिनबोभाट गेला असता. व्यापाऱ्याने हात जोडले. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, अट त्याने आधीच सांगितली होती. आम्ही माल स्थानिक बाजारात विकला. फरक दोन लाख त्रेचाळीस हजारांचा.

बैठक बसली. सगळे एकमेकांकडे बघताहेत. कोणी म्हणालं शेजारच्याच्या फवाऱ्याचा वारा आला असेल. कोणी म्हणालं गोणपाटं जुनी होती. गिरणीत आधी कोणाचं भात होतं, असंही निघालं. तिन्ही गोष्टी शक्य आहेत, आणि पुढे आम्ही तिन्हींवर काम केलं. अय्या काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. माझ्या वहीत तारीख, वार, पुड्या दोन, सगळं लिहिलेलं होतं, आणि मी गिरणीवर संशय घेणाऱ्याला दुजोरा दिला.

रात्री मी एक हिशोब मांडला. एका पुडीत नव्वद ग्रॅम औषध, म्हणजे नव्वद हजार मिलिग्रॅम. एकराला साधारण हजार किलो तांदूळ. मर्यादा ०.०१ म्हणजे त्या हजार किलोंत मिळून फक्त दहा मिलिग्रॅम. नऊ हजार भागांतला एक भाग जरी दाण्यापर्यंत पोचला तरी माल परत. 'जरा जपून मारू', 'कापणीच्या आधी जास्त दिवस ठेवू' अशा तडजोडीला त्या आकड्यात जागाच नाही. तोवर मला वाटायचं की औषध कमी करणं हा मार्ग आहे. त्या रात्री कळलं की करायचं तर पूर्ण सोडावं लागेल, आणि सोडायचं तर त्या पुडीवर जे जे टेकलेलं आहे ते सगळं बदलावं लागेल.

पुढच्या आठवड्यात मी अय्यांच्या घरी गेलो. त्यांना म्हटलं, चूक निम्मी माझी. ते म्हणाले, "लोंबी बाहेर पडताना मान काळी पडलेली तू कधी तुझ्या स्वतःच्या शेतात बघितली आहेस का? दुकानातून बघतोस तू." हे खरं होतं. माझी चार एकर मी तोवर वाट्याने दिलेली होती. त्या वर्षीपासून ती मी स्वतः कसतो. बैठकीत आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. एकाने गट सोडला, तो परत आला नाही.

मग आम्ही काय बदललं?

सर्वांत मोठा फरक कशाने पडला म्हणाल, तर युरियाने. तो कमी करण्याने, आणि त्याहूनही तो कधी घालायचा ते बदलण्याने. आमच्याकडे मेत्तूर धरणाचं पाणी सुटलं की शेतकऱ्याला हिरव्या रंगाची घाई होते. शेजाऱ्याचं शेत जास्त हिरवं दिसलं की अर्धी गोणी आणखी. गर्द हिरवं, मऊ, रसरशीत पान बुरशीला आयतं मिळतं. हे आडुतुरैला विचारा, कर्जतला विचारा, तेच सांगतील. आम्ही पानाच्या रंगाची पट्टी घेतली, प्लास्टिकची, हिरव्याच्या छटा असलेली. दर आठ-दहा दिवसांनी सकाळी जाऊन दहा पानं तिच्याशी जुळवायची. रंग ठरलेल्या छटेपेक्षा फिका असेल तरच वरखत. ढगाळ आठवड्यात तर पट्टी काहीही म्हणो, युरिया नाही. पहिल्या वर्षी माझा युरिया एकरी जवळजवळ एक गोणी कमी लागला. दुकानदार म्हणून हे सांगताना मला अजूनही थोडं कसंतरी होतं.

बियाणं आधी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारं काढतो, धुतो, मग किलोला दहा ग्रॅम स्यूडोमोनास. ही उपयोगी जिवाणूंची भुकटी, आमच्या कृषी विद्यापीठाने कोइमतूरला विकसित केलेली. रोपांची मुळं लावणीआधी तिच्या पाण्यात बुडवतो, लावणीनंतर महिन्याने हेक्टरी अडीच किलो शेणखतात मिसळून शेतात टाकतो. तिची मर्यादाही सांगतो. ती पुडीच्या जागी बसत नाही. दव पडलेल्या आठवड्यात मानमोडी सुरू झाली तर ती थांबवत नाही. रोप दणकट करते, पानावरचा करपा कमी दिसतो. जो दुकानदार तुम्हाला 'जैविक आहे, सगळ्यावर चालतं' म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. आंबट ताकाची फवारणीही आमच्याकडे बरेच जण करतात. मीही दोन हंगाम केली. शेताला वास छान येतो.

लावणी विरळ केली. आठ फुटांवर एक फुटाची मोकळी पट्टी सोडतो, त्यामुळे वारा खेळतो आणि सकाळी पान लवकर सुकतं. बीजाणूला रुजून आत शिरायला पान कित्येक तास सलग ओलं लागतं. त्यातला एक तास जरी कमी झाला तरी फरक पडतो. गंमत म्हणजे ही पट्टी मुळात तुडतुड्यांसाठी सांगितलेली आहे. बांधावरचं गवत काढतो, कारण बुरशी दोन हंगामांच्या मधे तिथेही तग धरते. पेरणी उशिरा ढकलत नाही, नाहीतर लोंबी नेमकी दवाच्या तोंडात सापडते. पण यावर आमचा ताबा अर्धाच. पाणी कालव्याला कधी येईल ते कावेरी ठरवते, आणि कावेरीचं कोण ठरवतं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच.

आणि एक गोष्ट मी तुमच्याकडून घेतली, तिचे आभार इथे मानतो. कोकणात डॉ. नारायण सावंत यांची 'चारसूत्री' भात पद्धत आहे ना, तिच्यातलं पहिलं सूत्र भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत घालण्याचं. मला एका मराठी पुस्तिकेत ते सापडलं. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. भाताचं रोप ती ओढून घेतं आणि पान काटक होतं. जपानी शेतकरी याच कारणासाठी सिलिकेची खतं वापरतात. आमच्या भागात भट्टीच्या गिरण्या आहेत, राखेचे डोंगर पडलेले असतात, गिरणीवाला उलट गाडीभाडं देऊन न्या म्हणतो. चार सूत्रांतलं गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणं हेही घेतलं. ब्रिकेटं मात्र नाही जमली, आमच्याकडे ती मिळत नव्हती.

जपानचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९५० च्या दशकात तिथे करप्यावर पाऱ्याची भुकटी मारायचे, आणि ती उत्तम काम करायची. मग तांदळात पारा सापडू लागला, मिनामाताचं प्रकरण गाजत होतं, आणि साठच्या दशकाअखेर त्यांनी पारा सोडला. त्याच सुमारास हामाओ उमेझावा यांनी नारा शहरातल्या कासुगा देवळाच्या परिसरातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून कासुगामायसिन शोधलं. ते औषध आजही चालतं. पाऱ्याची बीजप्रक्रिया आपल्याकडेही भाताला आणि उसाच्या बेण्याला होती. एमिसान हे नाव पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसवाल्यांना आठवत असेल. त्यातला पारा आपण २०१८ साली कायमचा बंद केला. जपानच्या मागे अर्धं शतक.

तुम्ही विचाराल, पुडी नको तर दुसरं औषध का नाही? मारता येतं, आणि अगदी गरज पडली तर आम्ही मारतो. अॅझॉक्सिस्ट्रोबिनची युरोपातली तांदळातली मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे बरीच सैल. पण दोन खड्डे आहेत. एक, ही बुरशी त्या गटाच्या औषधांना सरावते. जपानमध्ये ते होऊन चुकलं आहे. दरवर्षी तेच मारत राहिलात तर तेही जाईल. दुसरा खड्डा जास्त वाईट. बाजारात अॅझॉक्सिस्ट्रोबिन आणि ट्रायसायक्लॅझोलची तयार मिश्रणं आहेत. मॅन्कोझेब आणि ट्रायसायक्लॅझोलचंही आहे. वर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं झकास नाव, आणि घटक खाली मुंगीच्या अक्षरात. आमच्या गटातल्या एकाने 'ती पुडी नाही, नवीन बाटली आहे' म्हणून दुसऱ्या दुकानातून आणली होती. सुदैवाने मारायच्या आधी मला दाखवली. तेव्हापासून नियम झाला, झाकण उघडण्याआधी लेबलाचा फोटो गटावर टाकायचा. आणि मराठीत 'औषध', तमिळमध्ये 'मरुंदु', दोन्हीकडे आपण दवा-दारूचाच शब्द वापरतो. आजारी माणसाला देतो तसा निःशंकपणे आपण तो शेतालाही देतो, त्यात या शब्दाचा वाटा असावा असं मला वाटतं.

वाणाबद्दल. बीपीटी ५२०४, म्हणजे तुमच्याकडेही माहीत असलेली सांबा मसुरी, आमच्याकडे आंध्र पोन्नी म्हणतात, ती खायला फार गोड आणि करप्याला फार नाजूक. गिरणीवाल्याला तीच हवी. ती आणि पुडी हे जोडपं आहे, एक सोडलं तर दुसरं सांभाळता येत नाही. मी दोन एकरांत बारीक दाण्याचाच टीकेएम १३ घेतला. माझ्या शेतात करपा बराच कमी आला, पण भावात मार खाल्ला. उरलेल्या दोनात गावठी लाल. तो सोसतो, पण कमी पिकतो आणि वाऱ्याला लोळतो. हिशोब बरोबरीत सुटला तर मी खूश असतो.

आता २०२०. नोव्हेंबराच्या अखेरीला निवार वादळ, आठवड्याभरात बुरेवी. डिसेंबरभर पान सुकलं असं झालंच नाही. आम्ही जे जे सांगितलं ते सगळं केलेलं होतं. रंगाची पट्टी, राख, मोकळ्या ओळी, सगळं. तरी अय्यांच्या एका एकरात मानमोडी सुरू झाली. ते दुकानात आले. पुन्हा तशीच संध्याकाळ. या वेळी त्यांनी बहाणा केला नाही. म्हणाले, "एक पुडी."

मी त्यांना सांगितलं की आत शिरलेल्यावर ती चालणार नाही. ते म्हणाले, अर्ध्या लोंब्या अजून बाहेर यायच्या आहेत, त्या तरी वाचतील. हेही बरोबर होतं. शास्त्राने बरोबर होतं. आधी लेबल वाचायला आम्हीच त्यांना शिकवलं होतं, आता ते आम्हालाच शिकवत होते. मी विचारलं, अॅझॉक्सिस्ट्रोबिन का नको? महाग म्हणाले. होतंच महाग. मी फरक माझ्या पदरचा घालायला तयार होतो. त्यांनी नाही म्हटलं, माणसाचं तोंड बघून उधारी घेणारे ते नव्हेत.

मी पुडी दिली. त्या एकराच्या चार कोपऱ्यांना लाल कापड बांधलं, ते भात शेवटी कापलं, वेगळ्या नव्या गोण्यांत भरलं, आणि ते सरकारी खरेदी केंद्रावर गेलं. तिथे दारात ओलावा मोजतात. सतरा टक्क्यांच्या आत असला की वजन. ते भात पुढे कोणाच्या ताटात गेलं हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे. युरोपातल्या माणसाच्या तांदळातून आम्ही पुडी काढली, आणि रेशनच्या रांगेतल्या माणसाच्या तांदळात ती राहिली. भाषणाला जाताना हे सांगू नकोस असं मला घरून सांगितलं होतं. पण हे वगळून बाकीचं सांगणं मला जमत नाही.

बाकी साडेसात एकरांचं भात त्या वर्षी जानेवारीच्या अवेळी पावसात अर्धं भिजलं. राहिलं ते तपासणीला गेलं. प्रत्येक शेताचा नमुना वेगळा, काठाच्या चार ओळी वेगळ्या कापून बाजूला ठेवलेल्या, गिरणी आधी आमच्याच दोन गोण्या भरडून साफ करून घेतलेली. ट्रायसायक्लॅझोल आढळलं नाही. माल कमी होता, पण गेला.

आता आमचा गट आठ जणांचा आहे. दुकानात मी ती पुडी अजून ठेवतो. ठेवली नाही तर शेतकरी शेजारच्या दुकानातून घेईल आणि मला कळणारही नाही. माझ्याकडून घेतली तर वहीत लिहिली जाते. वही आता गल्ल्याच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी टांगलेली असते. गटातला कोणीही येऊन पानं उलटू शकतो. २०१७ चं पानही त्यात आहे.

परवा निघताना अय्यांचा फोन होता. त्यांचं वय आता ऐंशीच्या घरात आहे, शेत नातू बघतो, पण दव ते स्वतः बघतात. पहाटे पाचला उठून बांधावरून अनवाणी चालतात. पाय किती वेळात सुकले त्यावरून ठरवतात. म्हणाले, "पानं आठला सुकली. तू निर्धास्त जा."

प्रश्न असतील तर विचारा. आणि पानाच्या रंगाची पट्टी मी सोबत आणली आहे. पुढच्या रांगेपासून फिरवतो, बघून मागे द्या. एकच आहे, परत हवी आहे.